वांग्याच्या मुळांवरच्या गाठी

समस्त वांगीभक्षक जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भोकरजवळच्या एका शेतात आमच्या दाजींनी शेतीशास्त्र उलटं टांगलं, आणि त्या सोहळ्याला मी जातीने हजर होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जन्मभर सोयाबीन पेरलेला माणूस. झाड उपटायचं, मुळांवरच्या गाठी बघायच्या आणि मिशीवरून हात फिरवायचा, हा नित्यनेम. सोयाबीनला त्या गाठी चांगल्याच. हवेतलं नत्र तिथेच धरलं जातं. पण अक्काने हौसेने लावलेली वांगी ऐन फुलात, भर दुपारी माना टाकायला लागली, तेव्हा दाजींनी एक रोप उपटलं आणि सुजलेली मुळं बघून नातू झाल्यासारखे ओरडले, “बघा गाठी! लई जोरात हाय पीक!”

अज्ञान कुणाला इतकं शोभून दिसलेलं मी पाहिलं नव्हतं.

“दाजी, ह्या सूत्रकृमीच्या गाठी. डोळ्याला न दिसणारे किडे मुळात बसून रस पिऊन राहिलेत.”

“पाव्हणं, नांदेडात फ्लॅटमधी राहून आमाला शेती शिकवून राहिले का?”

अक्का मात्र उठली. “पुढल्या लावणीला अर्धं रान माझं. लावायच्या आधी शेणखतात निंबोळी पेंड कालवून मातीत मिसळणार. वांगी आली तर सगळ्या रानात भाजीपाला. न्हाई आली तर पेरा तुमचं सोयाबीन.”

“कडू पेंड घालून वांगी कडू करती का?” दाजी खो-खो हसले.

पुढल्या हंगामात दाजींचं पेंडीविना वांगी लावलेलं अर्धं रान दुपार झाली की आजारी पाहुण्यासारखं आडवं व्हायचं. अक्काचं ताठ उभं, जांभळ्या फळांनी लगडलेलं. तरी दाजींना निकाल मुळांवरच हवा होता. शेजारच्या बायका बांधावर जमल्या. दाजींनी आपलं रोप उपटून करंडकासारखं उंचावलं: गाठीच गाठी! मग अक्काचं उपटलं. पांढरी, मोकळी मुळं. शोधून दोन-चार बारीक गाठी सापडल्या.

“आता सगळं रान माझं,” अक्का म्हणाली आणि भरलेली पाटी त्यांच्या पायाशी ठेवली.

दाजींनी वांग्यांकडे पाहिलं, मुळांकडे पाहिलं, आणि साऱ्या बायकांसमोर खऱ्याखुऱ्या हळहळीने बोलून गेले, “अरारा! नीट गाठी धरल्या असत्या, तर अजून किती वांगी लागली असती!”