राबातली टिटवी

कमळाकर गोजराची वही शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या पाच गावांना ठाऊक आहे. भात लावणारा हा माणूस मोबाइलवरचे पाठ ऐकून ऐकून पाली शिकला. वहीच्या डाव्या पानावर बुद्धाच्या उपदेशाची जुनी सुत्तं आपल्या मराठीत उतरवायची, उजव्या पानावर झेन गुरूंची शिकवण, आणि दोघांना एकमेकांशी बोलू द्यायचं, असं नऊ वर्षं चाललंय. सुत्तं सांगायची, जीव मारू नकोस, आधी मनातला हेतू तपास. झेन विचारायचं, तपासत काय बसलास? समोरचं काम कर.

यंदा चैत्रात त्याच्या राबात टिटवीनं चार अंडी घातली. भाताची रोपं जिथं करायची तिथं शेण, टहाळ, गवत पसरून वर माती टाकतात आणि पावसाआधी ते भाजतात, तो राब. न भाजलेल्या जागी तण माजतं, रोप पिवळं पडतं. कमळाकरचा आणि शेजारच्या धाऊचा राब एकत्रच. अंडी दिसताच धाऊला सांगायचं सोडून कमळाकरनं वही उघडली. चार दिवस पानं उलटत राहिला.

पाचव्या दिवशी दुपार कलताना टिटवी किंचाळू लागली. राबाच्या वरच्या टोकाला धूर होता. वारा पडलेला पाहून धाऊनं आग लावली होती.

कमळाकर फावडं घेऊन धावला. "धाऊदादा, मधी अंडी हायत!"

"कधी दिसली?"

"चार दिस झाले."

"मंग चार दिस वहीत उबवीत होतास काय रे? उचल, ठेव बांधावर."

"जागा बदलली तर ती माघारी फिरायची नाय."

"आन् रोपं पिवळी पडली, तर तुझा बुद्ध येल लावणीला?"

कमळाकर खाली वाकला. अंड्यांभोवतीचा टहाळ तो ओढून काढू लागला, खालची माती फावड्यानं उघडी करू लागला. तेवढ्यात वारा उठला. आग चार हातांवर आली.

"अवो, मागं व्हा!" धोंडूबाई, कमळाकरची बायको, ओलं गोणपाट घेऊन आली आणि ज्वाळांवर आपटू लागली. शिव्या घालत धाऊनं हिरवी फांदी तोडली आणि दुसरी बाजू धरली.

आग दोन्हीकडून पुढं गेली. मधे खाटेएवढी जागा वाचली. कडेचं एक अंडं उष्णतेनं तडकलं होतं.

तिघं बांधावर बसले. टिटवी लांब दगडावर. सूर्य माहुलीच्या डोंगराकडं उतरला, तरी ती हलेना. कमळाकरच्या घशात धूर होता, पण खोकला त्यानं दाबून धरला. मग ती दोन पावलं आली, थांबली. पुन्हा दोन पावलं.

"बसली रे," धाऊ पुटपुटला. "बसली."

त्या संध्याकाळी कमळाकरनं वहीत एकच ओळ लिहिली: मला चार दिवस ठाऊक होतं.

आषाढात तेवढ्या जागेतली रोपं पिवळी निघाली. लावणीला त्यानं ती धाऊच्या वाट्यात जाऊ दिली नाहीत. स्वतःच्या खाचरात, वाकून, एकेक करून लावली.