जुनी विंडोज टाकायची होती

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये मी खोक्यांवरचे नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकतो. एवढ्या भांडवलावर आमच्या अंजूर गावात मी कॉम्प्युटरचा जाणकार समजला जातो, आणि हा गैरसमज मी कधी कुणाचा दूर केला नाही. बायकोचाही नाही.

ती घरी लग्नपत्रिका तयार करून देते. तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं. नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायला लागले. ती म्हणाली, "दुकानात देऊन जुनी विंडोज टाकून घेऊ या?"

"दुकानात कशाला? मी आहे ना! नवीही राहील, जुनीही. चालू करताना कॉम्प्युटरच विचारेल, कुठली हवी."

रविवारी सकाळी मी सीडी घातली. भाषा निवडायची पहिली खिडकी आली आणि कीबोर्ड बंद. माउसही. पाच मिनिटांपूर्वी हाच कीबोर्ड नीट चालत होता. तरी मी डॉक्टरसारखा चेहरा करून "कीबोर्ड गेला" असं निदान केलं, रिक्षाने भिवंडीला जाऊन नवी जोडी आणली. तीही ढिम्म.

"हल्ली मालच खराब येतो," मी म्हणालो.

बायको भाजी निवडत होती. उठून तिने कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं. "अहो, दोन्ही वायरी निळ्या भोकात लावल्यात. बाजूच्या काळ्यात लावून बघा ना."

"त्याने काय होणार? भोक ते भोक."

तिने लावलं. माउस हलला. निळी भोकं नव्या पद्धतीची, जुनी विंडोज त्यांना ओळखतच नाही, हे मी नंतर मोबाइलवर वाचलं. तेव्हा एवढंच म्हणालो, "मी तेच करणार होतो."

दुपारपर्यंत जुनी विंडोज बसली. बायकोच्या सॉफ्टवेअरमध्ये गणपतीचा श्लोक अक्षर न् अक्षर उमटला. आता नवी दाखवावी म्हणून मी रीस्टार्ट केलं, तर कॉम्प्युटरने काही विचारलंच नाही. सरळ जुनीच सुरू. पुन्हा केलं, पुन्हा जुनीच. कोन गावच्या एका काकांच्या मुलीच्या पत्रिकेची, जुन्या कॉम्प्युटरवरून आणलेली फाइल नव्या विंडोजमध्ये होती, आणि काका पत्रिका बघायला त्याच दिवशी येणार होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अपडेट होतंय."

"तीन वेळा बंद करून चालू केलंत, ते अपडेट?"

मग कबूल केलं. "पत्रिका गेली गं."

तिने माउस ओढून घेतला, दुसरी ड्राइव्ह उघडली, दोन-तीन फोल्डरांत शिरली. "ही काय इथे आहे. गेली कुठे?"

नवी विंडोज जागच्या जागी होती. तिच्यात शिरायचं दार तेवढं मी बुजवलं होतं. दार उघडायची कमांड मोबाइलवर सापडली. नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह लावून मी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं टाइप करत बसलो असतानाच काका आले. स्क्रीनकडे बघून दारातच थबकले.

"ही पत्रिका हाय? काली कशाला केलीस रं? लगीन हाय, दहावा न्हाय!"

बायको हसून हसून खाली बसली. मी घाईने एंटर दाबलं. कमांड चुकली. पुन्हा दाबलं, पुन्हा चुकली.

"सी म्हणजे सीच लिहिलंय ना मोबाइलवर!" मी वैतागलो.

"आधी बघा तरी, सीमध्ये आहे काय," डोळे पुसत ती म्हणाली.

बघितलं. या काळ्या स्क्रीनवर सी म्हणजे भलतीच ड्राइव्ह होती, नवी विंडोज ईमध्ये होती. बायको मोबाइलवरची अक्षरं वाचत गेली, मी टाइप करत गेलो. रीस्टार्ट केल्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या, नवी आणि जुनी. मी टाळी वाजवली. काकांनीही वाजवली, का ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी चहा घेतला, पत्रिका वाचली, मामांचं नाव चुलत्यांच्या आधी घ्यायला सांगितलं. तिने लगेच बदललं. ते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो तेव्हा चार वाजले होते आणि आमटी गार झाली होती.

"पण बसवलीत हं तुम्ही एकट्याने जुनी विंडोज," वाढता वाढता ती म्हणाली.

मी ते कौतुक समजलो आणि आणखी भात मागितला.