कोरडा हात

मी बोलकी बाई आहे. लातुरात आमच्या कॉलनीत कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाकडे काय शिजलं, हे विचारायला बायका माझ्याकडेच येतात. स्वतःचंही मी काही झाकून ठेवत नाही – नवऱ्याच्या घोरण्यापासून माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून झालंय. ही एक गोष्ट मात्र तोंडाबाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, देवापुढेसुद्धा पुटपुटले नाही. आज तुम्हाला सांगते. ऐकून घ्या, मधे समजूत घालू नका.

फुलांपासून सुरुवात करते. फुलांवर बोलणं मला सोपं जातं – आणि मुद्दा टाळणंही.

आमच्या घरापुढे दर हिवाळ्यात कँडीटफ्टचा वाफा असतो. नाव विलायती, झाड साधं, वीतभर उंचीचं. पण जानेवारीत फुललं की माती दिसत नाही. सगळे पांढरे झुपके, मधेच कुठे गुलाबी, जांभळा. आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडाला मुळाशी ओल साचलेली खपत नाही, म्हणून मी वाळू आणि चाळलेलं शेणखत मिसळते. दसरा झाला की बी जागच्या जागीच टाकते, कारण रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते रुसतं. दाट उगवलं तर विरळणी करायची, मावा पडला तर साबणाचं पाणी मारायचं, सुकलेले झुपके खुडत राहायचं. शेवटचे थोडे बियांसाठी ठेवायचे आणि चपट्या शेंगा वाळल्या की फुटायच्या आत काढून घ्यायच्या. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतात. मला ते आवडतं. आवडतं कसलं – चटक लागली होती मला त्याची.

आणि हंगाम संपल्यावर? उपटलेली झाडं खड्ड्यात टाकली की थोड्याच दिवसांत कुजलेल्या कोबीचा वास सुटतो. इतक्या देखण्या फुलांना असा घाणेरडा वास येतो, हे वाफा बघायला येणाऱ्या कुणालाच माहीत नसतं. मला माहीत आहे. हल्ली तो वास आला की मी खिडक्या लावून घेते.

शोभा माझी धाकटी जाऊ. दीर निलंग्याला शाळेत मास्तर, त्यामुळे ती दोघं तिकडेच राहतात. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तशीच – हसरी, मनात आलं की बोलून मोकळी. तिला सातवा महिना होता तेव्हा बाळ गेलं. दिवाळी होती ती. त्यानंतर ती दोन-अडीच महिने माहेरी राहिली आणि संक्रांतीला पहिल्यांदा आमच्याकडे आली, माझ्या हळदीकुंकवाला मदत करायला. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्या दिवशी मी खुर्च्या मुद्दाम वाफ्याच्या कडेला मांडल्या होत्या. वाण राहिलं बाजूला, बायकांनी फुलं बघावीत हा माझा खरा बेत. बायका कौतुक करत होत्या, मी ‘कसलं काय हो’ म्हणत ते गोळा करत होते. तेवढ्यात शोभा वाफ्याशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली,

“अक्का, ही तर आळिवाचीच फुलं दिसायलीत की ओ! आमच्या आईच्या परसात लई हायेत असली.”

बायका हसल्या. एक जण म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं आम्ही आळीव बघायला येत होतो होय! पुन्हा हशा. सगळ्यांत जास्त मी हसले. आतून मात्र अंगाचा नुसता भडका उडाला होता. खरं सांगायचं तर ती चूक बोललीच नव्हती. आळीव काय, मोहरी काय, ही सगळी त्याच घराण्यातली. मला ते ठाऊक होतं, पण मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणूनच इतकं झोंबलं का? असेल. काय फरक पडतो?

हसणं थांबलं तशी ती म्हणाली, “मला बी द्या ना थोडं. निलंग्याला दारात लावते.”

“हाव, देते की,” मी म्हणाले.

आणि दिलं. दसऱ्यानंतर पुडी बांधून दिलं. पण त्याआधी –

त्याआधी एका दुपारी मी तवा गॅसवर ठेवला. बी त्यावर पसरलं. आच मंद ठेवली, कारण रंग बदलला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. बोटांनी हलवत राहिले. मोहरीसारखा उग्र वास सुटायला लागला तसा तवा उतरवला आणि बी ताटात गार करत ठेवलं. बघितलं तर चांगल्या बियांत आणि त्यात काही फरक दिसेना. मला समाधान वाटलं. हो, समाधान – काम नीट झाल्याचं. जो जीव लावून मी ते बी वाढवलं, तोच जीव लावून ते मारलं. आजही फोडणीत मोहरी टाकताना मी तोंड फिरवते.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन आला. “अक्का, एक कोंब न्हाई ओ वर आला.” मी काय केलं असेल? मी तिला सल्ले दिले! माती मोकळी कर, वाळू घाल, पाणी बेतानं दे. तिनं बिचारीनं कुठून कुठून वाळू आणली, खत चाळलं, रोज झारीनं पाणी घातलं. मेलेल्या बियांना. मी फोनवर ‘अगं बाई, असं कसं’ म्हणत होते आणि माझा आवाज अगदी कळवळ्याचा येत होता. त्या आवाजाची मला किळस येते.

इथवरच झालं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बायकांचं जावाजावांचं काहीतरी. पण सासूबाईंना ते कळलं. बी उगवलं नाही एवढंच मी सांगितलं, हसत हसत, तव्याचं नाही. त्या म्हणाल्या, “तिचा हातच कोरडा हाय. पोटात न्हाई टिकलं, मातीत कसं टिकंल?”

मी तिथंच बसले होते. शेंगा सोलत होते. एका वाक्याचं काम होतं – बी खराब होतं म्हणायचं. कबुलीसुद्धा द्यायची नव्हती, नुसतं खोटंच बोलायचं होतं, आणि खोटं तर मला येतच होतं. मी शेंगा सोलत राहिले.

शिरूर अनंतपाळजवळ आमची थोडी जमीन आहे. पेरणीला पहिली मूठ घरच्या धाकट्या सुनेनं टाकायची, अशी आमच्यात रीत आहे, आणि लग्न झाल्यापासून तो मान शोभाचा होता. त्या मृगात ती पदर खोचून पुढे आली तशा सासूबाई म्हणाल्या, “तू ऱ्हाऊ दे. थोरली टाकील.” सगळ्यांसमोर. शोभानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि मूठ टाकली.

त्याच वर्षी दसऱ्याला तिनं पुन्हा बी मागितलं. या खेपेला उगवून दाखवायचंच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि मी पुन्हा तवा ठेवला. आता रागही उरला नव्हता हो! भीती होती. यंदा तिच्या दारात फुलं आली तर सासूबाई विचारणार, मग गेल्या वर्षी काय झालं होतं? पुडी तयार करून मी हाताशी ठेवली.

ती आली, रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसली आणि आपणहून बोलायला लागली. म्हणाली, “अक्का, आईनं माझ्यासाठी आळीव पेरला होता. बाळंतपणात लाडू करायचे म्हणून. मग सगळं झालं तसं झालं... कुणी त्याच्याकडं बघितलंच न्हाई, तो फुलून गेला. मी जाऊन त्यातच बसायची. तुमची फुलं बघितली अन् वाटलं, आपल्या दारात असावीत.”

चांगल्या बियांची बरणी आतल्या कपाटात होती. उठून पाणी आणायच्या निमित्तानं पुडी बदलता आली असती. मी उठलेही. पाणी आणलं. आणि भाजलेली पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती कपाळाला लावून पिशवीत ठेवली.

तुम्हाला अजून माझ्याशी बोलावंसं वाटतंय?

त्यानंतर शोभानं कधी काही पेरलं नाही. तिला पुन्हा दिवसही गेले नाहीत. त्याला मी कारण नाही, एवढं मला कळतं. पण आधी लोक तिला ‘बिचारी’ म्हणायचे, नंतर ‘कोरड्या हाताची’ म्हणायला लागले. ओटीभरणात ती आपण होऊन मागे उभी राहते. तुळससुद्धा नवऱ्याला लावायला सांगते. सासूबाई गेल्या, पण त्यांचा शब्द घरात राहिला आणि आता तो शोभाच सगळ्यांना सांगते, अगदी हसत.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट सांगते आणि थांबते. माझ्या सुनेला, पल्लवीला, पाचवा महिना होता. वाफा तयार होता, शोभा दोन दिवस राहायला आली होती. पल्लवीनं बियांची वाटी तिच्यापुढे धरली. “काकू, यंदा तुम्ही टाका ना.”

शोभा दोन पावलं मागे सरली. दोन्ही हात पदराखाली घेतले. “नगं गं बाई. माझा हात नगं. ह्या दिवसांत तर नगंच.”

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. त्या हातात काही खोट नाही, हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं. आणि माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं, असं आलं. खरंच आलं. मी भीत होते – पल्लवीच्या पोटातल्या जिवासाठी, शोभाच्या हाताला. ज्या बाईनं तवा ठेवला, ती.

“ऱ्हाऊ दे शोभा,” मी म्हणाले आणि वाटी माझ्याकडे घेतली.

बी सगळं उगवलं. बारशाच्या दिवशीही वाफ्यावर फुलं होती. पाळण्याशी बायकांची गर्दी होती आणि शोभा बाहेर एकटीच वाफ्यापाशी उभी होती. मी तिला आत बोलवायला गेले, तर ती फुलांकडे बघत म्हणाली,

“अक्का, तुमच्या हाताला लई गुण हाय.”

मी म्हणाले, “हाव.”