नाकारलेल्या ओळी

गेल्या उन्हाळ्यात, वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात, साहेबांनी मला माझ्या वस्तीचं जुनं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. मागे कोणीतरी हसलं.

मी तिथे कंत्राटी ऑपरेटर होते. ग्रामसेवक नळजोडणी मागणाऱ्या घरांच्या एक्सेल फाइली पाठवायचे. मी त्या डेटाबेसमध्ये चढवायचे. घराच्या ओळीत जी वस्ती लिहिली असेल, ती डेटाबेसमधल्या वस्त्यांच्या तक्त्यात आधीपासून असावी लागते. नसेल तर ओळ परत. चढलेल्या घरांनाच जोडणी.

आमच्या गावची फाइल चढवली. गाव चढलं, आमची वस्ती परत आली. फाइलमध्ये समतानगर होतं. ग्रामसभेने ठराव करून ठेवलेलं नाव. तक्त्यात मात्र जुनंच होतं. आधी जात, पुढे 'पुरा'. ते मी इथे लिहीत नाही.

वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "हेच टाक. समतानगर काढ, एका झटक्यात सगळ्या ओळी बदलव."

"साहेब, नवं नाव तक्त्यात घ्यायला जिल्ह्याला पत्र पाठवा."

"तुमच्यासाठी आता तक्ते बदलवू? जल्मापासून त्याच पुऱ्यात राह्यली ना तू? मंग लिवाले काय झालं?"

शेजारच्या टेबलावरचे जावेदभाई खाली बघत पुटपुटले, "टाकून दे बेटा. कॉम्प्युटरात कोन पाह्यते?"

स्क्रीनवर शब्द बदलायची खिडकी उघडी होती. एक बटण दाबायचं होतं. मी खिडकी बंद केली. "नाही टाकणार," म्हणाले.

पण पाणी माझ्या एकटीचं नव्हतं. संध्याकाळी वस्तीत सांगितलं. शांताकाकू भडकली. "तुले नोकरी हाय, मले हापशी. नावानं तहान भागते काय वो?"

माय म्हणाली, "त्या नावानं हाक आली की मी मान खाली घालून जात होती. माह्या पोरीच्या हातानं ते नाव सरकारात नाई जानार."

नवं नाव तक्त्यात घ्या, असा अर्ज केला. वस्तीने सह्या केल्या. शांताकाकूने केली नाही. साहेबांनी अर्ज हातात धरला नाही. मी तो आवक शाखेत दिला आणि पोच घेतली.

माझं कंत्राट संपलं. ते वाढवलं गेलं नाही. फाइल जावेदभाईंकडे गेली. त्यांनी ओळी बदलल्या. वस्ती जुन्या नावाने चढली. नळ आले.

ते नाव सगळ्यांसमोर वाचायला लावलं म्हणून मी जिल्ह्याला साहेबांविरुद्ध लेखी तक्रार दिली. साक्षीदार म्हणून जावेदभाईंचं नाव घातलं. त्यांचा फोन आला.

"काहून माह्यं नाव टाकलं, बेटा? माही बी नोकरी हाय."

"तुमी तिथं होते, भाई."

त्यांनी फोन ठेवला.

सुनावणी लागली. मी हजर होते. साहेब आले नाहीत. जावेदभाई आले, बाहेरच्या बाकावर बसले आणि आत बोलावण्याआधी निघून गेले. पुढची तारीख मी लिहून घेतली आहे.