शाळेसाठी फिरलेली झोळी

त्या उन्हाळ्यात मी दत्तगुरूंच्या पादुका देव्हाऱ्यातून उचलल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिल्या. रागाने नव्हे. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं. सकाळी त्यांच्यापुढे बसले की ओठ हलायचे आणि मन मात्र वर्गात दुसऱ्या ओळीत जाऊन बसायचं, जिथे वच्छी बसत असे. असली पूजा करण्यापेक्षा न केलेली बरी, असं मला वाटलं.

मोताळा तालुक्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. माहेर मेहकरचं. वडील दत्तभक्त, गुरुवार कडक पाळणारे. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. नोकरी आणि वडिलांनी दिलेल्या त्या पादुका, एवढाच माझा संसार. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात. तिथे खायला सुकडी मिळे, म्हणून हळूहळू पोरंही शाळा सोडून आईबापांमागे जाऊ लागली. जी शाळेत उरली ती प्रार्थनेला उभी राहिली की भिंतीला टेकत. एखादं खाली बसे, आणि त्याला उठ म्हणायची माझी छाती होत नसे.

वच्छी चौथीत होती. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने ती नव्या महाराष्ट्राचा नकाशा न बघता काढायची. बुलढाण्यापाशी बोट ठेवून "इथी आपून" म्हणायची आणि हसायची. तिची आई रुखमा भूमिहीन, नवऱ्याने टाकलेली. मुलीला तिने खडीवर नेलं नाही. "तिले शिकू द्या बाई, माह्या हाताले फोड आले तेवढे पुरे हायेत," असं मला म्हणाली होती. एके दिवशी रुखमाने कुणाच्या तरी खळ्याच्या कोपऱ्यात सांडलेली ज्वारी वेचून आणली. ते बियाणं होतं, कीड लागू नये म्हणून लाल औषध लावलेलं. तिला ते कळलं नव्हतं असं नाही. तिने धुतलं, दळलं, भाकरी केल्या. मुलीला भूक फार म्हणून आपल्या वाट्याचीही तिलाच दिली.

मी पोहोचले तेव्हा वच्छीच्या तोंडाला फेस होता. मोताळ्याला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. रुखमा रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "धुवाले पानी नोतं, बाई. पानी असतं तं म्या चांगलं धुतलं असतं."

पादुका मी त्यानंतर थोड्याच दिवसांत काढून ठेवल्या. पण लहानपणापासून अंगात मुरलेलं काही ट्रंकेत ठेवता येत नाही. दत्तगुरू हा भिक्षेचा देव, खांद्यावर झोळी घेऊन दारोदार फिरणारा. पूजा होत नसेल तर निदान ते एक काम तरी करावं, असं मनात आलं. एका जुन्या धोतराची मी झोळी शिवली आणि हेडमास्तरांना सांगितलं, की गावातून धान्य मागून आणते, दुपारी शाळेत घुगऱ्या शिजवू. खाणं मिळालं तर पोरं शाळेत येतील. हेडमास्तर भले गृहस्थ.

"बाई, लोकाईजवळच नाही. तुमाले कोन देईन?"

"नाही दिलं तर परत येईन," मी म्हणाले.

लोकांनी दिलं. ज्यांच्याकडे मूठभर होतं त्यांनी चिमूट दिली. काही दारांतून "मास्तरीण भीक मांगून राह्यली पाहा" हेही ऐकलं. ज्यांच्या घरचं धान्याचं पेव अजून भरलेलं होतं ते एक बडे शेतकरी ओसरीवरूनच म्हणाले, "आज पोट्ट्याईले, उद्या त्याईच्या मायबापाले. मंग परवा आमी कुठं जाव?" त्यांची भीतीही खोटी नव्हती.

काही आठवडे घुगऱ्या शिजल्या. खडीवर गेलेली पोरं परतली, प्रार्थनेला आवाज आला. मग गावच रितं झालं. मी अंगणात दिसले की बायका आत जाऊ लागल्या. नाही म्हणायची लाज त्यांना वाटत होती आणि मागायची मला. एका दुपारी पातेलं चुलीवर चढलंच नाही. पोरं आपापल्या जर्मलच्या थाळ्या घेऊन ओळीने बसली होती. कुणी रडलं नाही, कुणी विचारलं नाही. थोडा वेळ बसून ती उठली आणि थाळ्या पोटाशी धरून घरी गेली. पोरांना वाढलेलं नसताना त्यांच्या तोंडाकडे पाहणं काय असतं, हे मला लिहिता येत नाही.

दुसरा दिवस गुरुवार होता. रोहिणखेड मोठं गाव, तिथे मागून पाहावं म्हणून मी निघाले. मोटार आली नाही, तेव्हा पायीच चालू लागले. पोटात सकाळपासून काही नव्हतं. दोन्ही बाजूंना उघडी काळी शेतं, भेगा पडलेली. ऊन डोक्यातून पायापर्यंत उतरत होतं. वाटेत कुठेतरी मी मोठ्याने बोलले, कारण ऐकायला कुणी नव्हतं. म्हणाले, "महाराज, ही झोळी माझ्याने पेलत नाही. तुमची तुम्ही सांभाळा. असाल तर सांभाळा." त्यानंतरचं मला थोडंच आठवतं. पुढे एक कडुलिंब होता, त्याच्याकडे मी चालत होते आणि तो जवळ येत नव्हता.

शुद्ध आली ती ओल्या कापडाच्या स्पर्शाने. मी कडुलिंबाखाली होते, डोकं कुणाच्या तरी मांडीवर. सुरकुतलेला सावळा चेहरा, डोक्यावर विटका पदर, बाजूला काटक्यांचा भारा. ती बाई बोटं भिजवून माझ्या ओठांवर पाणी लावत होती. मी धडपडत हाताने झोळी चाचपू लागले.

"उठू नोको, बेटी," ती म्हणाली. "झोळी माह्याजवळ हाये. तू तिची फिकर नोको करू."

हे वाक्य ऐकून मी रडले. वच्छी गेल्यापासून पहिल्यांदा. त्या बाईला वाटलं, मला कुठे लागलं आहे. मी बोलले ते तिने ऐकलं असेल का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, पुढेही कधी नाही.

तिचं नाव जैतूनबी. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीमागच्या गल्लीत राहणारी. नवरा पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देई, पण दुष्काळात कोण रजई भरून घेतो? घरी नेऊन तिने मला कांद्याचा रस अंगाला चोळला, पातळ आंबील पाजली. मी तिला चाची म्हणू लागले.

"कोनासाठी मांगून राह्यली?" तिने विचारलं.

"शाळेतल्या पोरांसाठी."

"तुहे हायेत त्याच्यात?"

"नाही. माझं कुणीच नाही."

मग मी तिला वच्छीचं सांगितलं. धुवायला पाणी नव्हतं, हेही सांगितलं. ती उठली, झोळी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "चाल. इथी तुले कोनी वळखत नाही, मले वळखते."

ती दारात उभी राही आणि फक्त म्हणे, "शाळेतले पोट्टे उपाशी हायेत. मूठभर टाका." शुक्रवारी नमाजानंतर ती मशिदीबाहेर उभी राही, शनिवारी मारुतीच्या पारापाशी. दर गुरुवारी मी त्या कडुलिंबापर्यंत जाई आणि चाची भरलेली झोळी घेऊन बसलेली असे. ज्वारी, बाजरी, मूग, मध्येच तांदळाचे चार दाणे, सगळं एकत्र. घरोघरची मूठ त्यात वेगवेगळी ओळखू येई. पहिल्या गुरुवारी परत येऊन मी ट्रंक उघडली, पादुका पुसून जागेवर ठेवल्या. मागणं काही मागितलं नाही.

चूल पुन्हा पेटली त्या दिवशी रुखमा शाळेच्या आवारात येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हातातला डाव तिने काढून घेतला. त्यानंतर रोज तीच शिजवी. ज्वारी निवडताना एकेक दाणा उजेडाकडे धरून पाही. शिजली की आधी स्वतः मूठभर खाई आणि चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसून राही. पोरं भुकेली असत, पण तिने उठून "या रे" म्हटल्याशिवाय एकही थाळी पुढे होत नसे. रुखमाच्या हातचं नको म्हणून काही घरांनी आपली पोरं आवरून धरली. भुकेने त्यांना परत आणलं, आणि रुखमाने त्यांनाही तेवढंच वाढलं.

सगळी पोरं वाचली असं मी लिहिणार नाही. पहिलीतला एक मुलगा गोवराने गेला. अंगात ताकदच उरली नव्हती. पण शाळा बंद पडली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतही आम्ही चूल विझू दिली नाही, आणि पाऊस होऊन शेतात कामं निघेपर्यंत चाचीची झोळी येत राहिली.

एका गुरुवारी ती कडुलिंबाखाली नव्हती. मी वाट पाहिली आणि मग रोहिणखेडला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, नवऱ्याला दमा जडला होता, मुलाकडे सुरतेला गेले, परत येतील असं दिसत नाही. मी पत्ता विचारला. तिला ठाऊक नव्हता. मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाई, तुमाले सांगू का? त्याईच्याच घरात दाना नोता. चाची एक टाईम खाये, तेई आमच्यातून कोनी देल्लं तं. म्या म्हनलं, त्या झोळीतलं मूठभर घे, कोन पाह्यते? तं मले म्हने, ते माहं नोहे."

मी त्या पायरीवर बसले. किती गुरुवार मी त्या हातांतून झोळी घेतली होती आणि त्या हातांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आभार मानायचे तर ते माणूसच तिथे उरलं नव्हतं. आजवर मला वाटत असे, शरण जाणं म्हणजे हात जोडून काही मागणं, आणि मिळालं तर मान तुकवणं. ज्या घरात चूल पेटत नव्हती तिथून आमची चूल पेटत होती, हे कळल्यावर मागणारी कोण आणि देणारी कोण, हा हिशेबच माझ्या हातून सुटला. तो आजवर मी पुन्हा हाती घेतलेला नाही.

ऊन कलायला लागलं होतं. शेजारची बाई बघत होती, तरी मी पदर डोक्यावर घेतला, खाली वाकले आणि त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर कपाळ टेकलं.