जावयाला सुशी

शैला आषाढात गेली. मंगळवार होता. सकाळी तिनं दूध तापवलं, दुपारी ती गेली.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, भाद्रपदात, मी मुलीला आणि जावयाला जेवायला बोलावलं आणि दोघांचे घसे सुजवले. बायको गेल्यावर मागं राहिलेला नवरा काय काय करतो, त्यात हे सहसा धरत नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

मेघना, माझी मुलगी, तळेगावला राहते. पवनानगरच्या घरात मी एकटा राहू नये असं तिचं म्हणणं होतं. मी राहणार, असं माझं. मी शाळेत ग्रंथपाल होतो. तीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी ठेवली, तेव्हा स्वतःलाही एका जागी ठेवता येईल असा माझा समज होता. वर्षभर हा वाद फोनवर चालला. मग एक दिवस ती म्हणाली,

"एक जेवण करून दाखवा. कुकर लावून वरण-भात नाही. पाहुण्यांना घालतात तसं, नीट. जमलं तर मी परत हा विषय काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येते."

आता करायचं काय? पिठलं केलं असतं तर ते थेट शैलाच्या पिठल्याशेजारी जाऊन बसलं असतं. कोळंबीचं कालवण केलं असतं तर पहिल्या घासाला दोघं गप्प झाली असती, आणि मग जावई म्हणाला असता, "छान झालंय, पण आईंच्या हाताची चव..." (हे वाक्य मी तोवर तीन घरांत ऐकलं होतं, आणि दर वेळी म्हणणारा माझ्याकडं बघत होता.) म्हणून शैलानं जन्मात कधी केला नाही असा पदार्थ मी शोधला. सुशी. गेलेल्या बायकोशी तुलना टाळायला माणूस जपानपर्यंत जातो.

शिवाय मावळात राहून सुशी न करणं हा निव्वळ आळस आहे. भात चिकट हवा. आमच्या इंद्रायणी तांदळाच्या भातात डाव उभा राहतो. कोळंबी लोणावळ्याच्या बाजारात मिळाली. भात गुंडाळायला समुद्री शेवाळाचे वाळवलेले काळे कागद लागतात. बंगलेवाल्यांसाठी माल ठेवणाऱ्या एका दुकानात तेही मिळाले. बांबूची छोटी चटई तेवढी मिळाली नाही. पण घरात खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा होता. त्याचा खालचा वीतभर भाग मी कापला आणि दोनदा धुतला. कृती वहीत उतरवून काढली. पाच पानं झाली, समास सोडून.

चूक एकच झाली. शेवाळाचं पाकीट तीन दिवस आधी उघडून पाहिलं आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. (वाचायची वस्तू आणि खायची वस्तू यांत मी कधी फारसा फरक केलेला नाही.) भाद्रपदात आमच्याकडं काडेपेटीसुद्धा पेटत नाही. रविवारी सकाळी पाहतो तो कागद सादळून एकमेकांना चिकटलेले. सोडवायला गेलो तर चिंध्या हातात आल्या. अकरा वाजले होते. पाहुणे साडेबाराला येणार होते.

मी मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजलं होतं. रुंद, हिरवीगार पानं. शैला अळूवडी करायची तेव्हा पान पसरायची, वर सारण लावायची, गुंडाळायची. म्हणजे सुशीच की! चौदा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही सुचतं. दहा पानं कापली, उकळत्या पाण्यात बुडवून काढली, त्यांवर व्हिनेगर लावलेला भात पसरला, मधे उकडलेली कोळंबी आणि काकडी ठेवली, पडद्याच्या तुकड्यानं गुंडाळलं, सुरीनं कापलं. दिसायला फार देखणं झालं होतं. तेवढं श्रेय मी घेतो.

मेघना आली ती आधी खिडकीपाशी गेली.

"पडदा आखूड का झालाय?"

"धुतला. आटला."

"बांबू?"

मी ताटं वाढायला घेतली.

संदेश, माझा जावई, फार सभ्य मुलगा आहे. त्यानं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. "बाबा, भारी. पुण्यात असं मिळत नाही." (हे खरंच होतं.)

"भात आंबलाय का?" मेघनानं विचारलं.

"व्हिनेगर आहे. कृतीत आहे तसं."

तिनं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जमलंय, बाबा."

घर राहिलं होतं. साधारण दोन मिनिटं ते माझं होतं.

सहाव्या तुकड्याला संदेशनं घसा खाकरला. "वसाबी जरा जास्त झालीय का?" (वसाबी म्हणजे नाकात झणझणणारी हिरवी जपानी चटणी.)

"वसाबी मी आणलीच नव्हती."

"नाही, म्हणजे मजा येतेय. टोचतंय, पण मजा येतेय."

मेघनानं पाण्याचा पेला एका दमात संपवला. "बाबा, माझ्या जिभेला सुया टोचतायत. काय घातलंत यात?"

मी घाईघाईनं दोन तुकडे खाऊन पाहिले. थोड्या वेळात मलाही कळलं. संदेशचा खालचा ओठ तोवर सुजला होता आणि तो अजूनही "थान थालंय" असं काहीतरी म्हणत होता.

तेवढ्यात शेजारच्या धुरपा मावशी दारात कुणाची गाडी आली ते बघायला आल्या. तिघांची तोंडं बघून त्यांनी आधी ताटात पाहिलं.

"सर, ही पानं कुटली काढली?"

"न्हाणीमागची."

"आगं बया. ती ढोरं बी तोंडात घेत न्हाईत."

"मग शैला वड्या कशाच्या करायची?"

"माज्या परड्यातल्या अळवाच्या. काळ्या देठाच्या. दर सालाला न्हेत व्हती की. चिंच लावून चांगली उकडायची. तुमी चिंच लावली का?"

"वहीत चिंच नव्हती."

"वहीत," मावशी म्हणाल्या आणि चिंच आणायला गेल्या.

मग आम्ही तिघं भिंतीला टेकून ओळीनं बसलो आणि चिंच चोखत राहिलो. बोलता येत नव्हतं.

"शैला असती तर हे झालं नसतं," कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं. आवाज माझाच होता. जे ऐकू नये म्हणून एवढा उद्योग केला, ते शेवटी मीच बोललो.

"एकतीस वर्षं वड्या खाल्ल्यात," मेघना म्हणाली. तिचा आवाज जेमतेम फुटत होता. "पानं कुठून येतात, एकदाही विचारलं नाहीत?"

मी विचारलं नव्हतं. मागं अळू दिसायचं, ताटात वडी दिसायची. मधलं मी जुळवून घेतलं होतं.

"मेघना, जाऊ दे ना," संदेश म्हणाला. "भात चांगला होता."

"स्वयंपाक येत नाही म्हणून नेत नाहीये मी त्यांना," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "काय येत नाही, तेच तुम्हाला माहीत नाही, बाबा. आणि सांगायला आई नाही."

मी तोंडातला चिंचोका ताटात काढून ठेवला.

पुढच्या रविवारी टेम्पो आला. पुस्तकांची खोकी चढवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली मावशींकडं दिली. त्यांनी ती कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "जपून ऱ्हावा, सर. तितं काय तोडून खाऊ नगा."

आता मी तळेगावला चौथ्या मजल्यावर राहतो. जेवण वेळेवर मिळतं. स्वयंपाक मेघना करते, मी कोथिंबीर निवडतो. मी निवडलेली कोथिंबीर ती पुन्हा एकदा निवडते.