वहिनीनं वर केलेलं बोट

मी जाफराबादजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. माहेर धावड्याचं. दिवाळीच्या सुट्टीत, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात तिथं टेनिस बॉलच्या मॅची होतात. त्या भरवतो माझा मोठा चुलतभाऊ. एका वर्षी ऐन वेळी एक अंपायर आलाच नाही. भाऊ म्हणाला, "तुला सगळे नियम पाठ हाईत. हो उभी."

झाले उभी. दुसऱ्याच ओव्हरमध्ये मी जरा घाईनं एक वाईड दिला आणि बांधावरून आवाज आला, "बायांना काय कळतं रे क्रिकेटमधलं!"

थोड्या वेळानं समोरच्या गडी अंपायरनं एका ओव्हरमध्ये सात बॉल टाकू दिले. "उन्हानं डोकं फिरलं याचं," म्हणून लोक हसले आणि विसरूनही गेले. त्याची चूक त्याच्या एकट्याची होती. माझी मात्र गावातल्या सगळ्या बायकांच्या नावावर चढली, ज्यांनी कधी बॉल हातात धरला नव्हता त्यांच्यासुद्धा. पुढं दिवसभर मी बरोबर निर्णय देत राहिले, पण बरोबर निर्णयावर कोण कशाला ओरडतंय?

स्पर्धा संपल्यावर पाहुण्या टीमचा कॅप्टन मुद्दाम भेटायला आला. "म्याडम, बिलकुल बराबर अंपायरिंग केली. तुम्ही बाकीच्या बायांसारख्या न्हाईत. तुमची गोष्टच अलग."

मी खूश झाले. परतताना जीपमध्ये मात्र ते शब्द टोचायला लागले. त्यानं मला रांगेतून उचलून बाजूला ठेवलं होतं, रांगेबद्दलचं त्याचं मत होतं तसंच राहिलं होतं. उलट आता त्याला सोय झाली होती. एखादी बाई नीट काम करताना दिसलीच, तर तिला 'अलग' म्हणायचं.

पुढच्या वर्षी भावानं बोलावलं तेव्हा मी म्हणाले, "येते. पण दुसऱ्या टोकाला वहिनी उभी राहील."

"तुझी वहिनी? पब्लिक हसंल!"

"हसू दे."

वहिनी म्हणजे त्याचीच बायको. शाळेत असताना खो-खोत तालुका गाजवलेली, नजर घारीसारखी. सुट्टी असली की मी धावड्याला जायची आणि आम्ही अंगणात स्टंप रोवून सराव करायचो. एलबीडब्ल्यूवर ती माझ्याशी कडाकडा भांडायची, आणि बऱ्याचदा तिचंच खरं निघायचं.

फायनलला धावडा बॅटिंग करत होता. क्रीजवर आमच्या गावचा कॅप्टन, म्हणजे वहिनीचा सख्खा दीर. शेवटच्या बॉलवर बरोबरीसाठी दोन रन हवे होते. दुसऱ्या रनला तो जीव खाऊन पळाला, थ्रो आला, स्टंप उडाले.

वहिनीनं बोट वर केलं. धावडा हरला.

सगळा बांध मैदानात उतरला. "बॅट आत होती!" "आत कुठं, हवेत होती!" "अंपायर आंधळी झाली का?" कुणी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुढं केला, त्यावर वीस डोकी वाकली. मी कान देऊन ऐकत होते. क्रीजवर, बॅटवर, थ्रोवर सगळे तावातावानं भांडत होते. बायांचा विषय एकाच्याही तोंडी नव्हता.

वहिनी जागची हलली नाही. "मी दोन हातांवर उभी होते. बॅट हवेत होती. आउट म्हंजे आउट."

मग दीर स्वतःच गर्दीतून पुढं आला. घामानं निथळत होता, तोंड पडलेलं होतं. "गप बसा रे सगळे," तो म्हणाला. "आउट होतो मी."

तरी संध्याकाळी गावात शिव्या चालूच राहिल्या. चहाच्या टपरीवर एक म्हातारा भावाला म्हणाला, "तुझी अंपायर लई कडक हाय गड्या. सख्ख्या दिराला सोडलं न्हाई!"

भावानं येऊन ते सांगितलं तेव्हा वहिनी अंगणात बाजेवर बसून बुटांची लेस सोडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारचे काय झालं म्हणून बघायला आले.